आमची टीम आणि सिदूचा बुचडा

वस्तरा गळ्याच्या घाटीवर आला की माणूस गप्प बसतो. मग तो वकील असो, पैलवान असो, नाहीतर पलटणीतून पेन्शनीवर आलेला सुभेदार असो. देवाने न्हाव्याच्या हातात ही एवढी एकच सत्ता दिली आहे, आणि सांगलीतल्या माझ्या दुकानात मी ती उभी हयात मनसोक्त वापरली. वाद फार तापला की ज्याचा आवाज चढला असेल त्याची हनुवटी दोन बोटांनी वर करायची आणि म्हणायचं, "हलू नका हं, लागेल." तेवढ्या वेळात दुसऱ्याचं बोलून होतं.

आता हात कापतो, म्हणून दुकान मुलाकडे दिलं आहे. दुपारी बाकावर जाऊन बसलो की नवी गिऱ्हाइकं विचारतात, "दत्तूमामा, कुणाकुणा मोठ्या माणसांच्या दाढ्या केल्यात तुम्ही?" केल्यात की. मोठ्या माणसाची दाढी चारचौघांसारखीच असते, फक्त तो आरशात जास्त बघतो. माझ्या लक्षात राहिलंय ते एक वेगळंच डोकं. पुरा एक हंगाम ते डोकं माझ्या हाताखाली होतं आणि मी त्याला एकदाही कात्री लावली नाही.

दुसरी मोठी लढाई शेवटाला आली होती तेव्हाची गोष्ट. रॉकेल रेशनवर, ब्लेडं मिळेनाशी झालेली, त्यामुळे एरवी घरी दाढी करणारे साहेबलोकही मुकाट माझ्या वस्तऱ्याखाली येत. दुकान कॉलेजच्या मैदानाच्या वाटेवर. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक. कॉलेजच्या पोरांनी बास्केटबॉलची टीम काढलेली होती. आमच्याकडे कुस्ती आणि हुतूतू सोडून दुसरा खेळ कुणाला ठाऊक! मातीचं मैदान, दोन्ही टोकांना उंच खांब, खांबावर फळी, फळीला लोखंडी कडं आणि कड्याला जाळी. हौसा पैलवानाने ती जाळी पहिल्यांदा बघितली आणि कपाळाला हात लावला. "आरं, हिला बूडच न्हाई की! चेंडू टिकायचा कसा?" तो टिकायचाच नसतो, आत टाकला की झालं, हे समजावून द्यायला मला त्याची अख्खी दाढी पुरली नाही.

तरी त्या खेळाचं सगळ्यात जास्त वेड लागलं ते हौसालाच. त्याच्या म्हशी होत्या, कॉलेजच्या खानावळीला दूध तो घालायचा. पोरांच्या अंगात आपलं दूध खेळतंय, तेव्हा टीम आपलीच, असा त्याचा हिशेब. दुसरे बापूसाहेब वकील. कोर्टात जायच्या आधी रोज दाढीला यायचे आणि मॅच म्हणजे खटलाच असल्यासारखं बोलायचे. तिसरे सुभेदार. मूळचे शिरवळकडचे, मुलीच्या आधाराने सांगलीत राहिलेले, पहिल्या लढाईत बसऱ्याकडे जाऊन आलेले. मिशा भरघोस, बोलणं कमी. दाढी दोन मिनिटांची, पण बाकावर बसून असायचे जेवणवेळेपर्यंत. मॅच असली की आम्ही चौघं मैदानाच्या कडेला हजर. दुकानाला कडी घालून गेलो म्हणून घरच्यांची बोलणी मी किती खाल्ली, ते आता सांगत बसत नाही.

आणि टीम कशी? दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकूणएक मॅच हरली. मिरजेच्या पोरांकडून हरली, कोल्हापूरला जाऊन हरली. एकदा तर समोरची निम्मी टीम तापाने फणफणलेली होती, तरी हरली.

"त्या उंच पोराला काढा आधी," बापूसाहेब साबणाच्या फेसातून म्हणाले. "तो केसाळ. चेंडू हातात आला की झिंज्या डोळ्यांवर. बास्केटबॉल खेळतोय का आंधळी कोशिंबीर?"

"उडतोय मातूर लय," हौसा म्हणाला.

"उडतो हो! कुठे उडतो ते त्याला तरी दिसतं का?"

सुट्टी संपली आणि एके सकाळी तोच पोरगा माझ्या दारात उभा राहिला. दाराची चौकट त्याला पुरत नव्हती. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, त्याखालून केस पार कमरेपर्यंत. मी खुर्ची झटकली. म्हटलं, आज कात्रीला मेजवानी आहे.

"मामा, केस कापायचं न्हाईत," तो म्हणाला. "बांधून द्याल?"

"मेल्या," मी म्हटलं, "न्हाव्याच्या दुकानात येऊन कापू नका म्हणतोस! उद्या हलवायाकडे जाऊन उपास सांगशील."

तो हसला नाही. खाली बसला आणि सांगायला लागला. नाव सिदू. म्हसवडजवळच्या एका वाडीचा धनगराचा मुलगा. वडील नाहीत, चुलता मेंढरं बघतो, आणि थोरला भाऊ बिरू लढाई सुरू झाली तेव्हाच पलटणीत भरती झालेला, आता इटलीच्या लढाईवर. सिदूने कॉलेजात शिकायचं हा हट्ट बिरूचा. बिरू निघाला त्या दिवशी आईने म्हसवडच्या सिद्धनाथापुढे पदर पसरून नवस बोलला: थोरला सुखरूप घरी येईपर्यंत धाकट्याच्या डोक्याला लोखंड लावणार नाही. तेव्हापासून केस वाढत होते. फडक्याने बांधले तर उडी मारली की सुटत. खेळाच्या सरांनी आता शेवटचं बजावलं होतं, केस आवर नाहीतर टीममधून नीघ.

"टीम सोडीन मी," सिदू म्हणाला. "पर बिरूदादाला मी कळवलंय, मी टीममधी हाय म्हणून. त्येला लय कवतिक."

केस बांधणं हा काही आमचा धंदा नव्हे. पण केसाचा स्वभाव आम्हाला कळतो. धुतलेला केस निसटतो, तेलकट केस बसतो; तेव्हा मॅचच्या दिवशी न्हायचं नाही, हे त्याला पहिलं बजावलं. करडईचं तेल आणि पाणी लावून फणीने सगळे केस मागे ओढले, पिळा घातला, टाळूच्या जरा मागे घट्ट बुचडा बसवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन कडी कापून त्यावर चढवली. सिदूने मान झटकली, जागच्या जागी उडी मारली, आढ्याला हात लावून आला. बुचडा जागचा हलला नाही. त्याने आरशात बघितलं आणि म्हणाला, "मामा, मला सगळं दिसाय लागलं."

पुढची मॅच आम्ही जिंकलो. त्याच्या पुढची जिंकलो. तिसरी जिंकल्यावर तर पोरांनी सरांनाच खांद्यावर घेतलं. आणि आमच्या दुकानात जो काही वादाचा बाजार भरला, तो विचारू नका. टीम मध्यातच सुधारली कशाने?

"धारोष्ण दूध!" हौसा मांडीवर थाप मारायचा. "सुट्टीनंतर माझी भुरी म्हैस व्यालीया. तवापासनं बघा."

"म्हशीला पुरावा काय?" बापूसाहेब विचारायचे. "अहो, आता ती मुलं चेंडू एकमेकांना देतात. आधी ज्याच्या हाती चेंडू तो एकटाच पळायचा. हा डोक्याचा खेळ आहे."

"डोक्याचाच!" मी म्हणायचो. "आणि ते डोकं कुणी बांधलं?"

सुभेदार नुसते मिशीत हसायचे. फार आग्रह केला तर म्हणायचे, "सकाळचं पळत्यात आता रोज. मी बघतो की." म्हणजे त्यांच्या मते कवायत.

शेवटी मी सिदूलाच विचारलं. तो म्हणाला, "मामा, मेंढरं राखताना हातातल्या मेंढीकडं बघायचं नसतं. कडंच्या मेंढराकडं बघायचं. ती फुटली तर कळप फुटतो. पयलं केसांमुळं मला कडंचं कायच दिसत न्हवतं. आता चेंडू हातात आला की मी कडंला बघतो, कोण मोकळा हाय त्येला देतो." मी ही साक्ष दुकानात मांडली. बापूसाहेब म्हणाले, हे माझ्याच बाजूचं. मी म्हटलं, माझ्या. हौसा म्हणाला, बघायला डोळ्यांत ताकद कशानं आली? दुधानं. आता घ्या!

वाद मिटला नाही, पण एका बाबतीत सगळं गाव एक झालं. बुचडा शुभ. मॅचच्या दिवशी सिदूचं डोकं आधी, बाकीची गिऱ्हाइकं मागून. हौसा दारात उभा राहून लोकांना थोपवायचा. बुचड्याला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. नवसाचे केस म्हणजे एका आईच्या जिवाचा घोर आहे, हे आम्हा चौघांना ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर जिंकण्याच्या नादात आम्हीही ते थोडं विसरलो होतो.

शेवटची मॅच साताऱ्याला, साताऱ्याच्या टीमशी. रविवारी. त्या आठवड्यात एका सकाळी दुकान भरलेलं असताना दारात एक घोंगडीवाला म्हातारा आला. मागे सिदू, मान खाली घातलेला.

"मी ह्येचा चुलता," म्हातारा म्हणाला. "ह्येची डोई करायची हाय."

आमच्याकडे अशी डोई दोनच वेळा उतरते. एक नवस फिटला की, आणि दुसरं, घरातलं वडीलधारं कुणी गेलं की. मी सिदूच्या तोंडाकडे बघितलं आणि यातलं कुठलं ते मला कळलं.

"पलटणीतनं सांगावा आलाय," सिदूचे हे तात्या म्हणाले. "बिरू बेपत्ता. लय दिस झालं. भावकी म्हणती, परमुलखात पोराचा जीव पाण्यावाचून तळमळत आसंल, त्येचं दिवस घाला. त्येला धाकट्याची डोई कराय पायजे. गावच्या वारकाला ह्येच्या आईनं सिद्धनाथाची शपथ घातलीया, त्यो वस्तरा उचलंना. म्हणून हितं आलोय."

"आई काय म्हणते रे?" मी सिदूला विचारलं.

"आई म्हणती, नवस हाय. लोखंड लावू द्यायची न्हाई." तो जमिनीकडेच बघत होता. "दादाचं ऐकलं तवापासनं जेवली न्हाई, मामा."

"तिचं काय ऐकायचं?" तात्या म्हणाले. "ती आई हाय."

आणि तेवढ्यात हौसा बोलून गेला, "आवं, पर रविवारी साताऱ्याची मॅच हाय!" सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की एवढा मोठा गडी बाकाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला.

माझ्या हातात वस्तरा होता. नाही म्हणावं, तर मी कोण? मयताच्या कामाला वारकाने नाही म्हणू नये, हे बापाने शिकवलेलं. हो म्हणावं, तर तिकडे एक बाई अन्न सोडून बसलेली. मी म्हटलं, "तात्या, लांबून आलायसा. आधी तुमची दाढी करू. वडील माणसाच्या आधी धाकट्याला बसवायची आमच्या दुकानात रीत नाही." असली रीत कुठे नव्हतीच, मी ती उभ्या उभ्या काढली. तात्या खुर्चीत बसले. मी भरपूर फेस केला, मान वर केली, वस्तरा घाटीवर ठेवला आणि बाकाकडे बघून विचारलं, "सुभेदार, पलटणीत बेपत्ता म्हणजे काय हो?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बेपत्ता म्हंजे पत्ता न्हाई. मेला आसता तर मेला म्हणून कळवलं आसतं. सरकार त्यात कंजुषी करत न्हाई."

तात्यांच्या घशाची घाटी हलली. मी म्हटलं, "हलू नका हं."

"मी बी व्हतो बेपत्ता," सुभेदार म्हणाले. इतकी वर्षं बाकावर बसणारा माणूस, पण हे आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. "बसऱ्याच्या वरच्या अंगाला तुर्कानं धरलं. हिकडं घरी माझं दिवस घातलं. धाकट्या भावाची डोई केली. मालकिणीचं कुकू पुसलं. लढाई सरली, मी परत आलो, दारात हुबा ऱ्हायलो, तर आई भूत भूत करत आत पळाली. पिंड घातलेला माणूस घरात घ्यायचा कसा, म्हणून भावकी बसली. शेवटाला माझं पुन्यांदा बारसं केलं, तात्या. मिशा फुटलेल्या गड्याला पाळण्याला हात लावून बसवलं न् नाव ठिवलं. समदी हसली. मी बी हसलो. पर माझा धाकटा भाऊ मरस्तवर माझ्या नजरंला नजर देऊ शकला न्हाई. त्येची डोई केली व्हती ना माझ्या नावानं."

मी वस्तरा बाजूला घेतला, कारण तात्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन फेसातून वाट काढत हनुवटीपर्यंत आलं होतं.

"म्या वाढवलाय बिरूला," ते म्हणाले. "त्येला शेवटचं पाणी बी मिळालं न्हाई ह्येच मनात येतंय रातंदिस."

"मग त्येला यायला दार उघडं ठिवा," सुभेदार म्हणाले.

"किती दिस ठिवायचं?"

"आई म्हणंल तवर."

तात्यांनी पंच्याने तोंड पुसलं. अर्धी दाढी तशीच राहिली होती, ती मी पुरी केली. उठले, सिदूजवळ गेले, त्याचे सुटे केस एकदा हातात घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बांधा परत. आईला सांगतो, लोखंड लावलं न्हाई." सिदू त्यांच्या घोंगडीत तोंड खुपसून रडला. आम्ही सगळे उगाचच रस्त्याकडे बघत बसलो.

रविवारी तात्याही आमच्याबरोबर साताऱ्याला आले. ती हौसाची कामगिरी. म्हाताऱ्याला त्याने हाताला धरून गाडीत बसवलं. पेट्रोल मिळत नव्हतं, गाडी कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की आम्ही उतरून ढकलायची. साताऱ्यापर्यंत आमची तोंडं अशी काळी झाली की तिथल्या पोरांना वाटलं, सांगलीची टीम हीच.

मॅच आम्ही हरलो. एका टोपलीने हरलो. सिदूसारखा खेळ त्या मैदानात कुणाचा झाला नाही, आणि बुचडा शेवटपर्यंत केसभर सरकला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तात्यांनी विचारलं, "हारली व्हय? मला वाटलं आपलीच पोरं जास्ती पळत्यात." परतीच्या वाटेवर हौसा म्हणाला, सकाळी पोरं साताऱ्याचं दूध प्याली, त्यात पाणी होतं. बापूसाहेबांनी पंचावर खटलाच भरला असता. सिदू चुलत्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता आणि तात्या त्याचा बुचडा गाडीच्या दांडीला आपटू नये म्हणून मध्ये हात धरून बसले होते.

लढाई संपली. पावसाळा गेला, दिवाळी झाली, कॉलेज पुन्हा भरलं. बाकावर तीच तीन माणसं, नव्या हंगामाचे तेच वाद. अशाच एका सकाळी दारात खाकीतला एक गडी उभा राहिला. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबणारा. मी सवयीने म्हटलं, "या, बसा. दाढी?"

"माझी न्हाई," तो म्हणाला. "ह्येची डोई करायची हाय." आणि मागून सिदूला पुढे ओढलं. सिदूला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

सुभेदार बाकावरून उठले, टाचा जुळवल्या आणि त्या पोरसवद्या शिपायाला कडक सलाम ठोकला. बिरू गोंधळला, त्यानेही ठोकला. जर्मनांनी धरून तुरुंगात ठेवलं होतं, तिथून सुटून आला होता. मग हौसा घसा खाकरून म्हणाला, "पर रविवारी... पयली मॅच हाय." या वेळी सगळे पोट धरून हसले. बिरूला काही कळेना.

ती मॅच सिदू तुळतुळीत डोक्याने खेळला आणि आम्ही जिंकलो. लगेच हौसाने सिद्ध केलं की बुचड्यामुळेच आजवर नुकसान होत होतं, आणि स्वतःची डोई करून घेतली. असो. मला सांगायचं आहे ते त्या मॅचच्या आधीचं, म्हसवडचं.

आईने बिरूच्या हाती निरोप दिला होता, डोई देवापुढे करायची, पण वारीक सांगलीचाच आणा. म्हणून धोकटी घेऊन मी गेलो. देवळात डोई करायचा मान तिथल्या वारकाचा, वाडवडिलांपासूनचा. मला बघून त्याने तोंड वाकडं केलं, ते बरोबरच होतं. मीही मागे सरलो. तेव्हा सिदूची आई पुढे आली. लहानखुरी बाई, अंगावर नुसती हाडं. "बाबा," ती त्याला म्हणाली, "तुझा मान तुला देते. पर ज्यानं राखलं त्यानंच उतरवायचं." तो वारीक उठला आणि माझ्यासाठी स्वतः पाण्याची वाटी भरून घेऊन आला.

सिदू पाटावर बसला. मी ट्यूबची कडी काढली, पिळा सोडला. केस पाठीवरून खाली येऊन पाटावर टेकले. बिरू समोर आपला पटका पसरून बसला होता, केस जमिनीवर पडू नयेत म्हणून. मी हजारो डोकी केली, पण त्या दिवशी कात्री उचलायला हात धजेना. शेवटी सिद्धनाथाचं नाव घेतलं, मानेजवळ कात्री चालवली आणि तो सगळा झुबका बिरूच्या हातांत दिला.

बिरूने तो एका हाताने वर धरला. दुसरं टोक त्याच्या मांडीवर वळून पडलं. तो बघतच राहिला. लढाईत, तुरुंगात, कुठेही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं म्हणे त्याने. त्याने तो झुबका डोळ्यांवर दाबून धरला.

"आई," तो म्हणाला, "एवढं दिस न्हवतो व्हय गं मी?"

आईने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मोजलं न्हाईत रं बाबा," ती म्हणाली. "नुसतं वाढू दिलं."

मी वस्तऱ्याला पाणी लावलं आणि सिदूची मान जरा खाली केली. "हलू नको हं," म्हटलं.